आपल्या हातची मण्यांची माळ

भगिनींनो, वडगावच्या सोमवारच्या बाजारात तुम्ही स्वतः बसून माळा विकता, तेव्हा चिठ्ठी लागत नाही. मणी कसले, दोरा कसला, भाव केवढा, हे सांगायला तुम्ही समोर असता. तीच माळ दुकानात जांगड ठेवून तुम्ही भांगलणीला गेलात, तर सांगणार कोण?

पहिल्यांदा मी बारा माळा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून अशाच एका दुकानात दिल्या. दोन महिन्यांनी हिशेबाला गेले, तर पिशवीत नऊ, आणि त्यातल्या दोन माझ्या नव्हत्याच. भांडायचं कशाच्या जोरावर? माळेवर खूण नाही, वहीत नोंद नाही.

आता प्रत्येक माळेला जाड कागदाची चिठ्ठी दोऱ्यानं बांधते, सराफ बांधतात तशी. डिंकानं मण्याला चिकटवू नका, डाग राहतो. चिठ्ठीच्या एका बाजूला नंबर आणि किंमत. तोच नंबर घरच्या वहीत, आणि त्यापुढं दुकानदाराची सही.

दुसऱ्या बाजूला माल काय ते खरं लिहा. तांबड्या काचेला पोवळं आणि पांढरीला मोती म्हणायची बाजारात खोड आहे. 'काचेचे मणी, नायलॉनचा दोरा, पितळी हूक' लिहूनही माळ खपते. उत्तर प्रदेशातल्या बनारस, पुर्दिलपूरचे काचमणी काय कमी देखणे असतात? वरून रंग दिलेले मणी मात्र आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. मण्यांचं कंकण असेल तर माप घाला. 'दोन-चार' म्हणजे दोन इंच आणि इंचाच्या सोळा भागांतले चार, म्हणजे आतून सव्वादोन इंच.

किमतीत बहुतेकजणी चुकतात. समजा सामान ५० रुपयांचं आणि मजुरी ४०, मिळून ९०. दुकानदार विक्रीच्या रुपयामागं चार आणे घेतो. तुम्ही नव्वदावर पाव भाग चढवून ११२ लिहिलेत, तर त्याचे २८ जाऊन हाती ८४ येतात. सहा रुपये तुमच्या मजुरीतले गेले! लिहायला हवेत १२०. तीस त्याचे, नव्वद तुमचे.

डबीत बंद करून विकणार असाल, तर वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे नाव-पत्ता, वस्तूचं नाव, नग, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी फोन हे डबीवर लागतं.

काळे मणी पांढऱ्या कार्डावर लावा, फिके मणी गडद कार्डावर. उरलेल्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू चालते. आमच्या सूनबाईंनी छापील बाजू वर ठेवली, तर गिऱ्हाइकं माळ सोडून लग्न कुणाचं तेच वाचत बसली.

पुढच्या सोमवारी दुकानाच्या दारात उभं राहून बघा, आपली माळ दिसते का. खोक्याच्या तळाशी असली, तर उजेडाला टांगायला सांगा. एका खिळ्याला दुकानदार नाही म्हणत नाही.