दुसरा डेंग्यू अधिक धोक्याचा का?

पावसाळा सरत आला की तीर्थपुरीसारख्या गावांत तापाचे रुग्ण वाढतात. जालना जिल्ह्यात नळाला रोज पाणी येईलच याची खात्री नसते. त्यामुळे घरोघरी टाक्या, ड्रम, रांजण भरून ठेवलेले असतात आणि एडिस डासाला असेच साठवलेले स्वच्छ पाणी हवे असते. तरीही ‘एकदा डेंग्यू झालाय, आता पुन्हा होत नाही,’ असे अनेक जण निर्धास्तपणे सांगतात. हा समज जिवावर बेतू शकतो.

डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एक प्रकार होऊन गेला की त्याच्यापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते. उरलेल्या तिघांपासून मात्र थोडेच महिने. पुढे दुसऱ्या प्रकाराची लागण झाली, तर जुनीच प्रतिपिंडे कधी कधी घात करतात.

प्रतिपिंडाचा आकार इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा असतो. दोन हातांनी ते जंतूला धरते. पाय मोकळा राहतो. हा पाय पकडणारे ‘एफसी रिसेप्टर’ नावाचे प्रथिनांचे कुटुंब रोगप्रतिकारक पेशींच्या पृष्ठभागावर असते. पाय हाती लागताच पेशी जंतूला आत ओढून नष्ट करते. एरवी ही व्यवस्था उपकारकच आहे. पण जुनी प्रतिपिंडे नव्या प्रकाराला चिकटतात, त्याला निकामी करू शकत नाहीत. रिसेप्टर मात्र त्यांना आत घेतो आणि डेंग्यूचा विषाणू नेमका याच पेशींत वाढतो. पकडलेला चोर थेट तिजोरीच्या खोलीत नेऊन सोडावा, तसा हा प्रकार.

दुसऱ्या वेळी आजार अधिक गंभीर होऊ शकतो, हे स्कॉट हॅल्स्टेड यांनी 1960च्या दशकात बँकॉकच्या मुलांमध्ये पाहिले होते. फिलिपिन्समध्ये 2016 साली शाळकरी मुलांना डेंग्यूची लस देणे सुरू झाले. आधी डेंग्यू न झालेल्यांना ती लस अपायकारक ठरू शकते, असे 2017 मध्ये स्पष्ट झाले आणि मोहीम थांबली. ऑगस्ट 2024 मध्ये भारतात चारही प्रकारांविरुद्धच्या देशी लशीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी सुरू झाली. त्यात दहा हजारांहून अधिक स्वयंसेवक आणि दीर्घ पाठपुरावा का, याचे उत्तर या इतिहासात आहे.

दुसऱ्यांदा डेंग्यू झालेले बहुतेक रुग्णही बरे होतात. घाबरण्याचे कारण नाही, गाफील राहण्याचे तर मुळीच नाही. पूर्वी डेंग्यू झाला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे आणि केसपेपरवर तशी नोंद व्हावी. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. ताप उतरला म्हणजे संकट टळले असे नाही. त्यानंतरचे एक-दोन दिवसच खरे जोखमीचे. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती किंवा कमी लघवी, यांपैकी काहीही दिसले तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

आणि ग्रामपंचायतीने आठवड्याचा कोरडा दिवस कागदावर ठेवू नये. पाणी टंचाईचे असले तरी टाकीला झाकण लावायला टंचाई आड येत नाही.