सरहद्दीपलीकडची लाल पेटी

गोव्यावर ब्रिटिशांचे राज्य नव्हते. त्यामुळे पोटावर राणीची किंवा राजाची आद्याक्षरे असलेली बिडाची टपालपेटी मुंबईच्या रस्त्यांवर उभी राहिली, तशी ती आमच्या डिचोलीत, पेडण्यात किंवा मुरगावात कधी उभी राहिली नाही. तरीही तिचा इतिहास मला परका वाटत नाही, कारण पेडणे महालाच्या अगदी उंबऱ्यापर्यंत ती आलेली होती. तेरेखोल नदीच्या अलीकडे लिस्बनच्या राजाचे टपाल चालत होते आणि पलीकडे सावंतवाडी संस्थानात ब्रिटिश हिंदुस्थानचे. मधे होडीचा एक फेरा. दोन टपालखात्यांच्या सांध्यावर राहिलेल्या माणसांना पत्राची किंमत जरा अधिक कळते, असे मला नेहमी वाटत आले आहे.

टपालपेटी आज इतकी साधी वस्तू वाटते की तिच्यामागे कोणाचे डोके असेल, हे मनातही येत नाही. पण तिच्या आधी तिकीट यावे लागले. १८४० पूर्वी इंग्लंडात पत्राचे पैसे बहुतेक वेळा घेणारा भरत असे, तेही अंतर आणि कागदांची संख्या मोजून. प्रत्येक पत्र कोणाच्या तरी हातात देऊन त्याचा हिशेब करून घ्यावा लागे. रोलंड हिल यांच्या सुधारणेमुळे १८४० मध्ये पेनी ब्लॅक हे चिकटवायचे पहिले तिकीट निघाले, देशभर एकच दर झाला आणि पैसे आधी भरायची पद्धत पडली. मग पत्र घ्यायला कारकून बसवण्याची गरज उरली नाही, फट असलेली बंद पेटी पुरे झाली. कादंबरीकार अँथनी ट्रॉलप तेव्हा टपालखात्यात नोकरीला होते. चॅनल बेटांवरच्या टपालाची पाहणी करताना त्यांनी फ्रान्समधल्या रस्त्यावरच्या पेट्यांचा दाखला दिला आणि १८५२ मध्ये जर्सी बेटावरच्या सेंट हेलियर गावात पहिल्या पेट्या बसल्या. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या कार्लाइल गावात एक आली. लाल रंग मात्र नंतरचा. आधीच्या हिरव्या पेट्या लोकांना चटकन दिसेनात, म्हणून १८७४ पासून त्या लाल रंगवायला घेतल्या आणि ते काम पुरे व्हायला दहा वर्षे लागली.

या सगळ्यात मला मोठी वाटते ती वेगळीच गोष्ट. पेटी आल्यावर पत्र टाकणाऱ्याला कोणासमोर उभे राहावे लागेनासे झाले. घरातल्या मुलीने, गड्याने, कर्जात बुडालेल्या माणसाने कोणाला लिहिले, हे बघणारा कोणी उरला नाही. हा बदल सगळ्यांना रुचला असे नाही. ट्रॉलप यांच्याच ‘ही न्यू ही वॉज राइट’ या कादंबरीतल्या एका वृद्ध बाईंचा रस्त्यावरच्या या लोखंडी खांबांवर काडीचा विश्वास नाही. पत्र पोस्टात नेऊनच द्यायचे, असा त्यांचा दंडक आहे.

पेटीच्या पोटावरची अक्षरे हा तिचा दुसरा इतिहास. व्हिक्टोरिया राणीचे ‘व्ही आर’, मग एडवर्ड, जॉर्ज, एलिझाबेथ, आणि २०२४ मध्ये केंब्रिजशायरमधल्या एका पेटीवर पहिल्यांदा आलेले तिसऱ्या चार्ल्सचे चिन्ह. गल्लीतल्या माणसाला राज्य रोज दिसे ते या पेटीच्या रूपाने, आणि म्हणूनच राज्यावरचा राग तिच्यावर निघे. मताधिकारासाठी लढणाऱ्या ब्रिटिश स्त्रियांनी १९११ पासून पुढे या पेट्यांत पेटते बोळे टाकले, आम्ल आणि शाई ओतली. आपल्याकडे १९४२ च्या चळवळीत टपालपेट्या जळल्या. एडिंबरोत १९५३ च्या फेब्रुवारीत एक नवीकोरी पेटी स्फोटाने उडवून दिली गेली, कारण तिच्यावर ‘दुसरी एलिझाबेथ’ असे चिन्ह होते आणि स्कॉटलंडवर पहिल्या एलिझाबेथने कधी राज्यच केले नव्हते. त्यानंतर तिथल्या पेट्यांवर फक्त स्कॉटलंडचा मुकुट आला. आयर्लंडने मात्र निराळे केले. १९२२ मध्ये स्वतंत्र झाल्यावर त्यांनी पेट्या उखडल्या नाहीत, त्यांना हिरवा रंग दिला. डब्लिनच्या रस्त्यावर आजही हिरव्या रंगाखाली व्हिक्टोरियाची अक्षरे वाचता येतात. मला हा मार्ग सर्वांत शहाणपणाचा वाटतो. पेटी वापरात राहिली, लोकांची झाली आणि इतिहासही कुठे गेला नाही. गोव्यात पोर्तुगीज खुणांचे काय करायचे यावर अधूनमधून वाद पेटतो, तेव्हा मला हटकून डब्लिनच्या या पेट्या आठवतात.

आता आमच्याकडे येतो. टपालखाते येण्यापूर्वी गोव्यात पत्रे नव्हती असे कोण म्हणेल? पणजीच्या पुराभिलेखागारात शेजारच्या राजांशी झालेल्या पत्रव्यवहाराचे ग्रंथच्या ग्रंथ आहेत. सत्तरीतल्या पिसुर्ले गावचे पांडुरंग पिसुर्लेकर यांनी आयुष्य वेचून ते वाचले, आणि पोर्तुगीज-मराठे संबंधांचा इतिहास त्यातून उभा राहिला. पण ती पत्रे राजांची, वकिलांची, सरदारांची. जासूद आणि हरकारे धावत ते त्यांच्यासाठी. शेत पिकवणाऱ्या कुळाला, मुंबईत नोकरीला गेलेल्या पोराच्या आईला पत्र परवडू लागले ते एकाच दराच्या टपालाने. ब्रिटिश हिंदुस्थानात १ ऑक्टोबर १८५४ पासून पाव तोळ्याचे पत्र अर्ध्या आण्यात कुठूनही कुठेही जाऊ लागले. कंपनी सरकारला आपल्या कारभाराची सोय हवी होती हे खरेच, पण त्या अर्ध्या आण्याने गरिबाच्या घरात पत्र पोचवले, हेही तितकेच खरे.

गोव्याची स्वतःची तिकिटे निघाली १ ऑक्टोबर १८७१ रोजी. साधीच होती. मधोमध किमतीचा आकडा आणि भोवती लंबगोल पट्टीत ‘सेर्व्हिसु पोश्ताल’ व ‘इंदिया पोर्त’ ही अक्षरे. ना राजाचा मुखडा, ना देखणे चित्र. पण ही तिकिटे गोव्याच्या हद्दीपुरतीच चालत. पत्र ब्रिटिश हिंदुस्थानात जायचे किंवा तिथून पुढे जायचे असेल, तर १८७१ ते १८७७ या काळात लखोट्यावर दोन तिकिटे लावावी लागत, एक पोर्तुगीज आणि एक व्हिक्टोरिया राणीचे. राणीची ही तिकिटे गोव्याच्या टपालकचेऱ्यांतच विकत मिळत.

पेडण्याहून सावंतवाडी किती लांब? बांदा तर त्याहून जवळ. तिथे सोयरिकी होत्या, देवस्थानांचे मानपान होते, बाजारहाट होता. १७८० च्या दशकापर्यंत पेडणे आणि डिचोली हे महाल सावंतवाडीकर भोसल्यांकडेच होते. पोर्तुगीजांच्या ‘नव्या काबिजादी’त ते आले, म्हणून मामाच्या गावाला पाठवायचे पत्र परदेशचे झाले आणि त्यावर दोन मुलखांच्या राज्यकर्त्यांना दस्तुरी द्यावी लागली. सरहद्द ही नकाशावरची रेघ आहे, असे आपण शाळेत शिकतो. त्या सहा वर्षांत पेडणेकरांनी ती लखोट्यावर दोन तिकिटांच्या मधे पाहिली असेल. १८७७ नंतर दोन्ही खात्यांनी एकमेकांची तिकिटे ग्राह्य धरली आणि ही अडचण सरली. तशा जोडतिकिटांचे लखोटे आज जगभरचे संग्राहक मोठ्या किमतीला घेतात. आमच्या किती घरांत ते पेटाऱ्यातल्या वाळवीने खाल्ले असतील, याचा विचार केला की जीव हळहळतो.

पुढचे पाऊल पैशांचे. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने दोन्ही मुलखांचा जकात-कारभार जोडला गेला. गोव्याचा रुपया कलकत्त्याच्या टांकसाळीत पडू लागला, आणि जुन्या तिकिटांवर तांगा-रईसच्या नव्या किमती छापाव्या लागल्या. सोळा तांग्यांचा रुपया, जसा पलीकडे सोळा आण्यांचा. आम्हा मुरगावकरांच्या दृष्टीने या तहातली मोठी गोष्ट म्हणजे आमचे बंदर आणि कॅसलरॉकपर्यंतची रेल्वे. ब्रिटिश भांडवलावर बांधलेली ही मीटरगेज लाइन १८८८ पर्यंत पुरी झाली. तह १८९२ मध्ये संपला, रेल्वे राहिली. बंदरामुळे मुरगावात कारवारची, मालवणची, बेळगावची, आंध्राची माणसे आली, आमच्यातले तारवटी जगभरच्या बोटींवर गेले. पत्राची वाट पाहणे हा या तालुक्याचा स्वभावच झाला. मी इथे वाढलो तेव्हा सडा-बायणा भागात पोस्टमन आला की शेजारणी दारात येत. पत्र कुठल्या लिपीत आहे यावरून ते कोणाचे, हे पोरेही ओळखत.

सालाझारच्या राजवटीत मात्र लिहिणे हीच जोखीम झाली. गोव्यात छापायचा प्रत्येक मजकूर आधी सेन्सॉरकडे जाई, लग्नाची निमंत्रणपत्रिकासुद्धा. अशा काळात माणूस खासगी पत्रातही मोकळा होत नाही. माझे आजोबा पेडण्याचे. ते सांगत की, मुंबईला गिरगावात असलेल्या भावाला मनातले काही लिहायचे असेल, तर पत्र बांद्याच्या बाजाराला जाणाऱ्या माणसाजवळ देत, तिकडच्या पेटीत टाकायला. लिहिण्यात राजकारण काही नसे. पीक, आजारपण, मुलीचे लग्न. पण वाटेत आपले पत्र कोणी फोडणार नाही, याचा दिलासा त्यांना हवा होता. ती पेटी इंग्रजांची होती आणि इंग्रज काही आमचे सोयरे नव्हते, त्यांच्याही राज्यात देशभक्तांची पत्रे फोडली जात. तरी साध्या माणसाला त्या लाल फटीचा भरवसा वाटला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. १९५५ मध्ये पत्रादेवीला गोवामुक्तीच्या सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या, सरहद्दीवरची रेल्वे बंद पडली आणि बांद्याची वाटही पूर्वीसारखी राहिली नाही.

गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ रोजी. २९ डिसेंबरपासून भारतीय तिकिटे सुरू झाली आणि जुनी पोर्तुगीज तिकिटे ५ जानेवारी १९६२ पर्यंत चालवून घेतली. राज्यांतर इतक्या थोड्या दिवसांत लखोट्यावर उमटले. पणजीतल्या जुन्या तंबाखू-वखारीच्या इमारतीतून आता भारताचे टपाल चालते. मग लाल पेटी गोव्याच्या गावोगावी आली. आमच्या पेटीवर कुठल्याही राजाची अक्षरे नव्हती, ती सरळ आमची म्हणूनच आली. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला, तोही श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतात काव्यनाटके लिहिणाऱ्या मराठी माणसाच्या कल्पनेतून. पेडणे ४०३५१२, डिचोली ४०३५०४, वास्को ४०३८०२. टपालाच्या हिशेबात गोवा आजही महाराष्ट्र सर्कलमध्ये आहे. तेरेखोलच्या दोन्ही काठांवरचे पत्र आता एकाच खात्याचे आहे.

आता पत्रे आटली, हे खरे आहे. डेन्मार्कच्या टपालसेवेने २०२५ च्या अखेरीस पत्रवाटप बंदच केले आणि तिथल्या लाल पेट्या रस्त्यांवरून निघाल्या. आपल्याकडे २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. ब्रिटनमध्ये पत्रे घटली, तरी सुमारे १,१५,००० पेट्या अजून उभ्या आहेत. तिथे १९७६ पासून हौशी अभ्यासकांचा एक गट गावागावांतल्या पेट्यांची नोंद करतो, आणि पेट्या शक्यतो जागच्या जागी जपायच्या, असा करार टपालखाते आणि वारसा-संस्था यांच्यात २००२ मध्ये झाला. आपल्याकडे पेटी गंजली की खाली काढतात, भिंत रंगवतात, आणि ती तिथे होती हे पाच वर्षांत कोणाला आठवत नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. पेडणे, डिचोली, सत्तरी, मुरगाव, जिथे तुम्ही असाल तिथल्या वाड्यावरच्या पेटीचा फोटो काढा. ती कधीपासून आहे हे जाणत्यांना विचारा आणि गावच्या डाकसेवकाला तिच्याबद्दल बोलते करा. घरातला पेटारा आवरताना जुने लखोटे फेकू नका, तिकिटे कापूनही काढू नका, कारण तिकीट, शिक्का आणि पत्ता एकत्र असतील तरच लखोटा बोलतो. तुम्हाला ते जपणे जमणार नसेल, तर पणजीच्या पुराभिलेखागारात किंवा पाटोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जाऊन विचारा. राजांची पत्रे तिथे शतकानुशतके जपली गेली आहेत, आपल्या आज्या-आजोबांच्या पत्रांनाही तिथे जागा मिळायला हवी.