सुबोध व्हा, सुपाच्य नको



गेल्या महिन्यात एका मासिकाकडून माझी कविता परत आली. सोबत चिठ्ठी: आशय चांगला आहे, वाचकांना सुपाच्य होईल अशी करून पाठवा. मुंबईच्या गोदीत रात्रपाळी संपवून गेटबाहेर चहा पिता पिता ती वाचली. डोकं सणकलं. मग म्हटलं, शिव्या देण्याआधी शब्द तर बघू. मी दहावी पास, जुन्या भाषेत मॅट्रिक. शब्दकोश उघडायला मला कुणाची परवानगी लागत नाही.

सोपा, सुलभ, सुगम, सुबोध, सुपाच्य. परीक्षणं लिहिणारे हे पाचही एकाच अर्थानं फेकतात. पण हे सख्खे भाऊ नव्हेत. सोपं म्हणजे ज्याला कष्ट पडत नाहीत ते. सुलभ म्हणजे सहज मिळणारं. सुगम म्हणजे जिथं सहज जाता येतं ते. सुबोध म्हणजे सहज कळणारं. त्यातला धातू बुध्. बुद्ध त्याच धातूचा, प्रबुद्धही त्याचाच. १९५६ साली बाबासाहेबांनी 'जनता'चं नाव 'प्रबुद्ध भारत' केलं, ते उगाच नाही. आणि सुपाच्य? ते पोटाचं. आजाऱ्याला पेज पाजतात, ती सुपाच्य. चावायला नको आणि नंतर पोटात गडबड नको.

म्हणजे चिठ्ठीवाल्याला माझी कविता कळली होती. पचली नव्हती. फरक एवढाच, पण सगळं भांडण त्यात आहे.

गोदीत क्रेनखाली दोन शब्द चालतात. 'हबेस' म्हणजे उचल, 'आर्या' म्हणजे खाली सोड. बाहेरच्या माणसाला दोन्ही दुर्बोध. आमच्या टोळीत नवा आलेला गडी, मग तो बिहारचा असो की खानदेशचा, पहिल्याच पाळीत शिकतो. चुकलं तर माल डोक्यावर. तेव्हा शब्द सोपा की अवघड हे पांढरपेशा समीक्षकाला विचारू नका. ज्याचा जीव त्या शब्दाला टांगलाय त्याला विचारा.

आपल्या खानदेशातलंच बघा. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली. भाषा सुबोध, नाकारत नाही. पण चातुर्वर्ण्य सोप्या मराठीत सांगितलं म्हणून ते आमच्या बाजूचं होत नाही. उलट मनुस्मृती घ्या. आमच्या आज्या-पणज्यांनी ती उघडूनही पाहिली नव्हती. संस्कृत, एकदम दुर्बोध. तरी पाणवठ्यावर तिचा अर्थ प्रत्येकाला कळत होता. १९२७ साली महाडला ती जळाली तेव्हा जाळणाऱ्यांना टीप-तळटीप लागली नाही.

बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या आसोद्याच्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. १९५१ साली वारल्या, १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह गाणी छापली गेली, आणि खेड्यातली बोली शहराला कळू लागली. शहराला कळून घ्यायची होती म्हणून कळली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. १९७२ साली ढसाळांचं 'गोलपिठा' आलं. प्रस्तावना लिहिणाऱ्या तेंडुलकरांनी अडलेले शब्द ढसाळांना विचारून घेतले. विचारण्यात कमीपणा मानला नाही. ज्याला विचारायचंच नसतं तो 'दुर्बोध' म्हणून मोकळा होतो.

आता आपलं स्वतःचं माप काढू.

गेल्या चौदा एप्रिलला धुळ्याच्या आमच्या वस्तीत मी भाषण ठोकलं. वर्चस्ववाद, अभिसरण, मूल्यव्यवस्था, सगळं ओतलं. पोरांनी टाळ्या दिल्या. घरी आलो तर माय भाकर थापत होती. म्हणाली, "काय बोलना रे भाऊ तू? माले काहीच समजनं नही." चिठ्ठीनं लागलं नव्हतं तेवढं हे लागलं. ती माझ्याकडे पेज मागत नव्हती. कळण्याची भाकर आणि ठेचा खाऊन तिनं जन्म काढलाय, तिला जड काही नाही. तिला फक्त कळायला हवं होतं, आणि मी तिच्याशी परक्या जिभेनं बोललो होतो.

विनयपिटकात, चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेले दोन भिक्खू बुद्धाला म्हणाले, तुमचं वचन वेदांसारख्या छंदात बांधू. बुद्धानं त्यांना फटकारलं. अडीच हजार वर्षं झाली, आणि आपली पोरं माईकसमोर गेली की पुन्हा छंदात शिरतात.

म्हणून पुढच्या अंकासाठी एकच अट. लिहिलेलं पाठवण्याआधी आईला वाचून दाखवा, टोळीतल्या गड्याला वाचून दाखवा. त्यांना कळलं तर आम्ही छापू. ते वाचून आणखी कुणाच्या पोटात दुखलं तर त्याचं औषध आमच्याकडे नाही.

माझी परत आलेली कविता याच अंकात आहे. चिठ्ठीवाल्यासाठी तिच्यात काही मऊ केलेलं नाही. दोन शब्द तेवढे बदलले. ते मायला अडले होते.

जय भीम.