चैत्रगौरीचे हळदीकुंकू आणि हाताशी असलेला पैसा

चैत्र लागला की आमच्या परिचयातील गृहिणींचा एक प्रश्न ठरलेला असतो. चाळीस-पन्नास बायका घरी यावयाच्या, महिनाअखेर जवळ आलेली, आणि शेजारच्या घरी तर गेल्या वर्षी आचारी लावून चार पदार्थ झाले होते. तेव्हा आम्ही काय करावे? आमचे उत्तर असे की, शेजारच्या घराकडे पाहू नये, चैत्रगौरीकडे पाहावे. थोड्या पैशांत पुष्कळ माणसे संतुष्ट करण्याची इतकी पक्की व्यवस्था आम्हांस दुसरी ठाऊक नाही.

पहिली सोय वेळेची. गौर चैत्र शुद्ध तृतीयेस बसते ती अक्षय्यतृतीयेपर्यंत असते. त्यामुळे महिन्याभरात आपल्या सोयीचा दिवस निवडता येतो. दुसरी सोय पंगत नसण्याची. चार ते सात या वेळात बायका येतात, जातात. एका वेळी दहाबारांहून अधिक क्वचितच बसतात. तेवढी भांडी प्रत्येक घरी असतात. आणि पदार्थ तरी कोणते? त्या दिवसांत बाजारात स्वस्त असलेली कैरी, हरभऱ्याची डाळ, भिजविलेले हरभरे आणि गूळ. आमचे जयसिंगपूर राजर्षी शाहू महाराजांनी व्यापारपेठ म्हणून वसविले व त्यास आपले जनक जयसिंगराव घाटगे यांचे नाव दिले. चोहीकडे उसाचा मुलूख असता येथील गृहिणीने पन्ह्यास बाटलीतले रंगीत सरबत शोधावे, हे आम्हांस चमत्कारिक वाटते.

चाळीस बायकांस पाऊण किलो डाळ पुरते. ती चारपाच तास भिजवून भरडच वाटावी. मिरची, मीठ व चवीपुरती साखर घालावी. हिंग-मोहरीची फोडणी निवल्यावर वर ओतावी. उन्हाळ्यात डाळ लवकर आंबते, म्हणून वाटणे दुपारचे, सकाळचे नव्हे. खिसलेली कैरीही शेवटी मिसळावी. पन्ह्यास किलोभर कैरी उकडून तिचा गर काढावा. गराच्या दीडपट ते दुप्पट गूळ, वेलदोडा आणि किंचित मीठ. माठातले पाणी घातले म्हणजे सहा लिटर पन्हे सहज होते. काटकसर केशरात करावी, हिंगात करू नये. पाचवा पदार्थ तर मुळीच वाढवू नये. कारण खर्च तुमच्या घरी थांबत नाही. जिला तेवढे करणे झेपत नाही, ती पुढच्या वर्षी आपल्या घरी बोलवीत नाही, आणि त्याच्या पुढच्या वर्षी तुमच्याकडेही येत नाही. दोन पदार्थ वाढविण्याच्या हौसेपायी गल्लीतली एक ओळख तुटते.

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात सज्जनांच्या घरी कधी न सरणाऱ्या चार वस्तू सांगितल्या आहेत: बसावयास गवत, टेकावयास जागा, पाणी आणि गोड शब्द. मनूची सारी मते आम्ही शिरोधार्य मानीत नाही. स्त्रियांविषयीची तर नाहीच नाही. पण या अंदाजपत्रकात पैशाचे नाव नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आणि ज्यास पैसा लागत नाही, तेथेच आमचा हात सर्वांत आखडतो. पाऊण किलो डाळीत चाळीसांची सोय होते. पण एक्केचाळिसावी, जिचा नवरा गेला आहे ती, दोन घरे पलीकडे दार लोटून बसलेली असते. तिला वगळून एक वाटी डाळ वाचते, दुसरे काय? आमच्याच शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने २०२२ च्या मे महिन्यात, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षी, पती निधन पावल्यावर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे इत्यादी प्रथा बंद करण्याचा ठराव केला. राज्य शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींसही तो कित्ता गिरविण्यास सांगितले. शेतकरी वस्तीच्या एका खेड्याने हे केले. पुस्तकांची कपाटे बाळगणाऱ्या आमच्या घरांनी परिपत्रकाची वाट का पाहावी, हे आम्हांस कळत नाही.

बोलावणे मात्र मुलाच्या हाती अथवा फोनवरून धाडू नये. तिच्या दारी यजमानीणबाईंनी स्वतः जावे आणि सर्वांआधी जावे. अनेक वर्षे ज्यांना कोणी बोलाविलेले नाही, त्या पहिल्या खेपेस बहुधा नाहीच म्हणतात. तेव्हा दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. कुंकू लावून घ्यावयाचे की नाही हे तिच्या इच्छेवर सोडावे. पन्ह्याचा पेला तरी सर्वांच्या बरोबरीने तिच्या हाती द्यावा.

डाळ उरलीच तर ती रात्री थंड जागी ठेवावी आणि सकाळी थोडे तांदळाचे पीठ मिसळून तिचे वडे तळावेत.