गरोदरपणातली तहान अडवू नका

गरोदर सून फार पाणी पिऊ लागली की वडीलधारी माणसे म्हणतात, "पाणी कमी कर, म्हणजे रात्री सारखे उठावे लागणार नाही." सल्ला मायेचा असतो, पण कधीकधी तोच जिवावर बेततो, हे आम्हांला स्पष्ट सांगावेसे वाटते.

शेवटच्या महिन्यांत लघवीला वरचेवर जावे लागते, ते नैसर्गिकच आहे. मात्र दिवस-रात्र मिळून ३ लिटरांहून अधिक, पाण्यासारखी बिनरंगी लघवी होऊ लागली आणि तांब्यामागून तांब्या रिता करूनही घसा कोरडाच राहिला, तर दुर्लक्ष करू नये. लघवीत साखर नाही असे कळले की घरचे निर्धास्त होतात. इथेच फसगत होते. साखर नसलेलाही एक विकार आहे, डायबिटीस इन्सिपिडस. इन्सिपिडस म्हणजे बेचव. गरोदरपणात तो लाखात २ ते ४ जणींनाच होतो, म्हणून तो चटकन कोणाच्या ध्यानात येत नाही.

मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी मूत्रपिंडांना 'पाणी राखा' असा निरोप धाडते. हा निरोप म्हणजे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक. वारेतून निघणारे एक विकर ते मोडून टाकते. एरवी शरीर जादा संप्रेरक बनवून भर काढते आणि यकृत त्या विकराची विल्हेवाट लावते. पण विकर फार झाले किंवा यकृत बिघडले, की निरोप पोचत नाही आणि फुटलेल्या पाटासारखे पाणी वाहून जाते. अशा वेळी पिणे थांबवले तर रक्तातील क्षार वाढतो, गुंगी येते, झटकेही येऊ शकतात.

यावर उपाय आहे. डेस्मोप्रेसिन हे औषध वारेच्या विकराने मोडत नाही. मात्र ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे. ते चालू असताना पाणी अति झाले तरी अपाय होतो. यकृत आणि रक्तदाबही तपासून घ्यावा. बाळंतपणानंतर बहुधा ४ ते ६ आठवड्यांत विकार जातो.

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच, की तहान अडवू नका, ती डॉक्टरांच्या कानावर घाला. शेतात आडोसा नाही म्हणून कित्येक बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत. तो आडोसा करून देणे हे घरच्या पुरुषांचे काम आहे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. पण अशी तहान लागली तर त्या तारखेची वाट पाहू नका.

पवित्र मरिया डोंगराळ प्रदेशात घाईने एलिझाबेथकडे गेली आणि सुमारे ३ महिने तिच्याजवळ राहिली. सुगीच्या गर्दीत शेजारच्या गरोदर बाईला दवाखान्यात पोचवणे आपल्याला जड वाटू नये.