दोष डीएनएसचा नव्हे, मांडणीचा

१/ संगणक-विभागांत एक विनोद जुना आहे. काहीही बंद पडले की ‘डीएनएसच असणार’ असे म्हणायचे आणि हसून मोकळे व्हायचे. विनोद सोयीचा आहे, कारण त्यात आरोपी ठरतो एक प्रोटोकॉल. आणि प्रोटोकॉलला ‘कारणे दाखवा’ नोटीस बजावता येत नाही. इतिहासाची साक्ष मात्र वेगळी आहे.

२/ आरंभी आर्पानेटवरील यंत्रांची नावे व पत्ते एकाच फाइलीत असत. ती कॅलिफोर्नियातील एसआरआय संस्थेत सांभाळली जाई. इतरांनी तिची प्रत उतरवून घ्यायची. जाळे वाढले, तशी ही रीत अपुरी पडली. पॉल मोकापेट्रिस यांनी नोव्हेंबर १९८३मध्ये मांडलेल्या डीएनएसचा गाभाच हा होता की नावांचा कारभार एका हाती असू नये. १९८७च्या सुधारित दस्तऐवजात प्रत्येक झोनसाठी किमान दोन नेम सर्व्हरची अट आहे.

३/ या ‘दोन’चा अर्थ अनेक संस्थांनी कारकुनी पद्धतीने लावला. एकाच खोलीत, एकाच राउटरमागे, एकाच वीजजोडणीवर दोन यंत्रे मांडली की नियमाची पूर्तता झाली! अखेर जुलै १९९७मध्ये आरएफसी २१८२ हे स्वतंत्र मार्गदर्शन निघाले. संस्थेच्या झोनसाठी साधारणतः तीन सर्व्हर असावेत आणि निदान एक इतरांपासून चांगला दूर असावा, केवळ नकाशावर नव्हे तर नेटवर्कच्या रचनेतही, असे त्यात सांगितले आहे. ‘आमची यंत्रेच आवाक्याबाहेर गेली, तर त्यांचे नाव सांगणारा जागा असून उपयोग काय?’ हा आजही ऐकू येणारा युक्तिवाद त्यात तेव्हाच खोडून काढलेला आहे. संस्थेच्या नावाखालची सगळी यंत्रे एकाच इमारतीत नसतात. शिवाय ‘नाव सापडले, यंत्र सापडले नाही’ आणि ‘नावच सापडले नाही’ या दोन प्रसंगी पलीकडची सॉफ्टवेअर सारखी वागत नाहीत.

४/ साडेतीन वर्षांनी मायक्रोसॉफ्टने याचे प्रात्यक्षिकच दिले. मंगळवार, २३ जानेवारी २००१, स्थानिक वेळ संध्याकाळी साडेसहा. डीएनएस नेटवर्कच्या सीमेवरील राउटरमध्ये एका तंत्रज्ञाने बदल केला. कंपनीचे चारही नेम सर्व्हर त्याच नेटवर्कवर होते. संकेतस्थळे चालू होती, पण त्यांचा पत्ता सांगणारे कोणी उरले नव्हते. तो बदल मागे घेतला गेला दुसऱ्या दिवशी पाचच्या सुमारास, म्हणजे सुमारे साडेबावीस तासांनी. त्या तंत्रज्ञाची चूक सर्वांच्या लक्षात राहिली. चारही सर्व्हर एका जागी ठेवण्याचा निर्णय ज्यांनी घेतला, त्यांचे नाव कोणीही विचारले नाही. त्यानंतर कंपनीने अकामाईकडून पर्यायी डीएनएस सेवा घेतली.

५/ एक गोष्ट विनोदकारांच्या बाजूने मान्य करावी लागेल : डीएनएसमधला बिघाड फसवा असतो. जुनी उत्तरे टीटीएल संपेपर्यंत कॅशेमध्ये जिवंत राहतात. एकाला संकेतस्थळ दिसते, शेजारच्याला दिसत नाही. बिघाड आणि तक्रार यांत तासांचे अंतर पडते. म्हणूनच कार्यालयात बसून स्वतःच्याच सर्व्हरला प्रश्न विचारून ‘सगळे ठीक’ म्हणणे निरर्थक आहे. झोनच्या प्रत्येक नेम सर्व्हरला बाहेरच्या जाळ्यावरून, एकेकट्याला विचारावे आणि एसओए नोंदीतील अनुक्रमांक जुळतो का ते पाहावे. पाच मिनिटांचे काम आहे.

६/ ‘आमचे सर्व्हर तर जगभर पसरले आहेत’ हे उत्तरही पुरेसे नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकचे होतेच. देखभालीच्या एका आज्ञेने कंपनीचे अंतर्गत मुख्य जाळे तुटले. अशी आज्ञा अडवण्यासाठी असलेल्या तपासणी साधनातच दोष होता. डेटा सेंटरशी संपर्क तुटला की नेम सर्व्हरने इंटरनेटवरील आपला बीजीपी मार्ग स्वतःच मागे घ्यायचा, असा नियम होता, आणि तो सर्व ठिकाणी एकच होता. सर्वांनी तो एकदम पाळला. सर्व्हर चालू होते, पण त्यांच्यापर्यंत कोणी पोहोचू शकत नव्हते. दुरुस्तीची अंतर्गत साधनेही याच डीएनएसवर विसंबलेली, त्यामुळे अभियंत्यांना डेटा सेंटरमध्ये प्रत्यक्ष जावे लागले. सेवा सुमारे सहा तास बंद राहिल्या आणि त्या दिवशीही समाजमाध्यमांवर तोच विनोद फिरत होता.