पाळणाघराची करसवलत कोणाच्या बाळासाठी?

कामाच्या ठिकाणी पाळणाघर चालवणाऱ्या मालकाला करात सूट द्यावी, अशी मागणी अधूनमधून होते. अमेरिकेत 2001 च्या कायद्याने अशी सूट आली. तिथे खर्चाचा चौथा हिस्सा करातून वजा होत असे, 2026 पासून तो 40 टक्के झाला आहे. आपल्याकडे तसे करावे का? करावे, पण सरसकट नको, असे आम्हाला वाटते.

कारण आपल्याकडे सक्ती आधीपासूनच आहे. 2017 च्या दुरुस्तीपासून 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवेच, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यायलाच हवे. जे कायद्याने करायचेच आहे, त्याला सरकारी तिजोरीतून बक्षीस कशाला? पाळणाघराचा खर्च धंद्याचा खर्च म्हणून नफ्यातून वजा होतोच. सूट द्यायचीच तर 50 च्या आतल्या छोट्या कारखान्याला, दुकानाला द्या. तिथे कायदा पोहोचत नाही आणि मालकाचा हातही आखडलेला असतो.

पण आपल्या वस्तीतल्या किती भगिनी अशा हजेरीपटावर आहेत? ठेकेदाराकडे झाडलोट करणारी, नाक्यावर उभी राहणारी बिगारी, चार घरची धुणीभांडी करणारी, यांचा मालक करसवलतीच्या अर्जात कुठेच दिसत नाही. बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचे दूध आणि पुढे दोन वर्षांपर्यंत वरच्या अन्नासोबत तेच, हे दवाखान्यातली नर्स प्रत्येकीला सांगते. 26 आठवड्यांची पगारी रजा असेल तर ते जमते. यांना रजा कुठली? सव्वा महिना झाला की कामावर. घरी बाटली, पाणी घालून वाढवलेले दूध, मग जुलाब. बाळ सांभाळायला मोठी बहीण, म्हणजे तिची शाळा बंद. (या बहिणीचा हिशेब कोणत्याच अर्थसंकल्पात नसतो.)

1928 साली मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी हाच खर्चाचा प्रश्न हाताळला होता. बाळंतिणीला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून भार मुख्यतः सरकारने उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. स्त्रियांना कामावर ठेवण्यात मालकाचा फायदा असतो, म्हणून त्याला त्यांनी मोकळे सोडले नाही.

तोच न्याय आज लावायचा तर करात सोडायचा पैसा आधी वस्तीतल्या अंगणवाडीला जोडून चालणाऱ्या, दिवसभराच्या पाळणाघरांवर खर्च व्हावा. बांधकामावर 50 हून अधिक स्त्रिया असतील तर पाळणाघर 1996 च्या कायद्यानेच बंधनकारक केले होते, आणि त्या मजुरांच्या कल्याणासाठी बिल्डरकडून उपकरही घेतला जातो. तो पैसा साइटवर दिसला पाहिजे. आणि नगरपालिका सफाईचा ठेका देते, तेव्हा निविदेतच पाळणाघराची अट घालू शकते. त्यासाठी करसवलतही लागत नाही. पुढची निविदा निघण्याआधी आपल्या महिला मंडळांनी तसे लेखी निवेदन द्यावे आणि पोच घ्यावी.